आधी लोकर, मग गालिचा

आमच्या दिवाणखान्यातला गालिचा बघून पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. केवढ्याला पडला, आणि हा धुता कसा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी टाळते. दुसऱ्याचं उत्तर चहा संपेपर्यंत पुरं होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

गालिचा मोरोक्कोचा आहे. मध्य ॲटलास डोंगरातल्या कुणा बाईने स्वतःच्या घरासाठी विणलेला, विकणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे पन्नासेक वर्षांचा. भारताला लागणारं फॉस्फेट मोठ्या प्रमाणात मोरोक्कोतून येतं, आणि नवऱ्याची नोकरी त्याच खतांच्या धंद्यातली, म्हणून आम्ही काही वर्षं तिकडे राहिलो. परत येताना भांडीकुंडी तिथेच वाटून टाकली, गालिचे मात्र आणले. ते कसे वापरायचे हे मी तिथल्या बायकांकडून थोडं आणि पुण्याच्या पावसाळ्याकडून बरंच शिकले.

आधी नावाचा घोळ निस्तरू. बाजारात या गालिच्यांना ‘बर्बर’ म्हणतात. ज्यांची भाषा कळत नाही त्यांना ग्रीक लोक ‘बार्बारोस’ म्हणायचे, त्यातून हा शब्द उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांना चिकटला. आपल्याकडेही ‘बर्बर’ म्हणजे रानटी, असंस्कृत. हे लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात, अनेकवचनात इमाझिघन, आणि त्याचा अर्थ ‘स्वतंत्र माणसं’ असा सांगतात. २०११च्या राज्यघटनेत मोरोक्कोने त्यांच्या भाषेला अरबीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला. मी अमाझिग हाच शब्द वापरणार आहे.

दुसरा घोळ अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. तिथे दुकानात ‘बर्बर कार्पेट’ मागितलं, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून बसवायचं, बारीक फासे असलेलं यंत्रावरचं कार्पेट दाखवतात. ते बहुतेक वेळा नायलॉनचं किंवा तसल्याच कृत्रिम धाग्याचं असतं. त्याची निगा वेगळी. नात्यातल्या एका मुलीने त्याच्यासाठी लिहिलेल्या सूचना वाचून खऱ्या लोकरी गालिच्यावर वाफेचं यंत्र फिरवलं. नंतर तिचा रडवेला फोन आला, तेव्हा मला करता येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कुठून येतात, कसे असतात

ॲटलासच्या रांगा मोरोक्कोतून नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरक्या जातात. मध्य ॲटलासमध्ये हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतं. तिथल्या बेनी उराइन या जमातींच्या समूहाचे गालिचे जगभर सगळ्यात जास्त ओळखले जातात: हस्तिदंती रंगाची न रंगवलेली लोकर, त्यावर काळ्या किंवा गडद तपकिरी रेषांच्या मोकळ्याढाकळ्या चौकटी, आणि बोटं बुडतील इतकी लांब लव. तो काळा रंगही बऱ्याचदा काळ्या मेंढीचाच असतो. चंदीगड आखणारे ल कोर्बुझिए आणि फिनलंडचे अल्वार आल्तो यांच्यासारख्या वास्तुशिल्पकारांना हे गालिचे आवडले. काच आणि काँक्रीटच्या कोऱ्या घरांत ते उठून दिसले आणि युरोपात त्यांची मागणी वाढली.

पण ते जमिनीवर अंथरायला जन्मलेच नव्हते. मुळात ती पांघरुणं. लव खाली, अंगाकडे करून माणसं त्यात झोपत, जणू मेंढीच्या कातड्यातच. शेजारच्या बेनी म्गिल्द लोकांचे लाल-जांभळे गालिचे हिवाळ्यात लव वर करून आणि उन्हाळ्यात उलटे घालून वापरत, म्हणून त्यांच्या पाठीवरची नक्षीही समोरच्या इतकीच देखणी असते. खेमिस्सेतच्या आसपासचे झेम्मूर लोक लाल रंगात बारीक, ओळीने मांडलेली नक्षी विणतात. उंच ॲटलासमधल्या अझिलालचे गालिचे पांढऱ्या जमिनीवर मनात येईल त्या रंगाचे आणि मनात येईल त्या आकाराचे. दक्षिणेला ताझनाख्तजवळच्या सिरवा डोंगरातली लोकर चकाकदार, तिथे केशरी-पिवळ्याचं राज्य. मैदानातल्या बूजादला गुलाबी आणि विटकरी.

एक प्रकार मराठी माणसाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. बूशरविट म्हणजे जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून त्यांच्या गाठी मारून केलेला गालिचा. लोकर महाग झाली, कळप कमी झाले, तेव्हा बायकांनी घरातले फाटके कपडे मागावर चढवले. आपली गोधडी आणि हा, एकाच गरजेच्या दोन लेकी. मात्र त्यात सुती, नायलॉन, लुगडं-बनियन सगळंच असतं, त्यामुळे पुढे मी लोकरीबद्दल जे सांगते ते त्याला लागू नाही.

नक्षीच्या अर्थांबद्दल जरा जपून. चौकट म्हणजे डोळा, नागमोडी रेष म्हणजे पाणी, हा हात नजर लागू नये म्हणून, अशी यादी प्रत्येक दुकानदार घडाघडा म्हणून दाखवतो. नजरेपासून राखण हा भाग खरा आहे. तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवर आणि मनगटावर जे गोंदण दिसतं, त्यातलीच चिन्हं गालिच्यावर येतात. पण एका गावात ज्याला डोळा म्हणतील त्याला डोंगरापलीकडे कंगवा म्हणतील. आपल्या आजीच्या हातावरच्या गोंदणाचा अर्थ तरी आपण तिला कधी विचारला होता? विकणाऱ्याची गोष्ट ऐकावी, त्या गोष्टीचे वेगळे पैसे मोजू नयेत.

मागावर काय होतं

निगेचं सगळं गणित इथे आहे, म्हणून थोडं थांबू.

माग उभा असतो. दोन खांब, वर-खाली दोन आडव्या तुळया, त्यांच्यामध्ये ताणा ताणलेला. या मागाला अझेत्ता म्हणतात. बाई समोर जमिनीवर बसते आणि खालून वर विणत जाते. ताण्याच्या दोन उभ्या धाग्यांभोवती लोकरीचा तुकडा फिरवायचा, गाठ बसवायची, टोकं कापायची. ओळ पूर्ण झाली की आडवा बाणा घालायचा आणि लोखंडी दात्यांच्या जड फणीने ठोकून बसवायचा. विणलेला भाग खालच्या तुळईवर गुंडाळत जातो, त्यामुळे आठ दिवसांपूर्वी काय विणलं ते तिला दिसत नाही. हाताशी कागदावरची नक्षी नाही. म्हणून एका टोकाला रुंद असलेल्या चौकटी दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने येतात. रंगवलेली लोकर मध्येच संपते, पुढच्या खेपेची छटा निराळी उतरते, आणि लाल रंगात अचानक फिकट पट्टा येतो. याला दोष समजून पैसे कमी करून मागणारे गिऱ्हाईक मी पाहिलेत. मला तो पट्टा सगळ्यात जवळचा वाटतो. त्या जागी बाईने नवी लोकर रंगवली.

मागाभोवती बरेच नियम आहेत. लोकरीत बरकत असते, म्हणजे दैवी कृपा. कित्येक गावांत मागावरच्या विणकामाला जीव असतो असं मानतात. ताणा चढला की त्याचा जन्म झाला. विणून झाल्यावर धागे कापायच्या वेळी त्यावर पाणी शिंपडतात आणि माणसाच्या अंतकाळी म्हणतात तेच शब्द म्हणतात, कारण कापल्याक्षणी त्याचा जीव गेला. हे मला पहिल्यांदा एका शेजारणीने सांगितलं, तेही हळू आवाजात. त्यानंतर त्या गालिच्यावर चपला घालून चालणं मला जमलं नाही.

आता तांत्रिक गोष्ट. काश्मिरी गालिच्यात चौरस इंचाला शेकडो गाठी असतात. इथे त्या मानाने फारच थोड्या, आणि गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याच्या कितीतरी ओळी. त्यामुळे गालिचा पुठ्ठ्यासारखा ताठ न राहता पांघरुणासारखा पडतो. धागा हाताने चातीवर कातलेला, सैल पिळाचा. जुन्या गालिच्यांत ताणाही बऱ्याचदा लोकरीचाच. लोकर ओढ्यावर धुतलेली, म्हणून मेंढीच्या अंगचं तेल, लॅनोलिन, तिच्यात बऱ्यापैकी शिल्लक राहतं. थोडक्यात, हा गालिचा ढिला आहे, मऊ आहे, तेलकट आहे आणि आरपार लोकरीचा आहे. या चार गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचं बहुतेक आपोआप सुचतं.

लोकर म्हणजे केस

लोकर आणि आपले केस दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनतात. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकर गोळा होते, आटते, नमदा तयार होतो. नमदा करायचाच असेल तर ही उत्तम रीत आहे. गालिचा वाचवायचा असेल तर यातली एक तरी गोष्ट टाळायलाच हवी, शक्यतो तिन्ही.

लोकरीला किंचित आम्लधर्मी वातावरण मानवतं, अल्कली सोसत नाही. कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, अमोनिया हे सगळे अल्कलीच्या बाजूचे. ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: दुधाचे, रक्ताचे, घामाचे डाग घालवणाऱ्या पावडरींमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. लोकर हेही प्रथिनच. पावडरला डाग कुठला आणि गालिचा कुठला हे कळत नाही.

म्हणून मी एक साधी कसोटी लावते. जे मी माझ्या केसांना लावणार नाही, ते गालिच्याला लावायचं नाही.

लोकरीचा एक मोठा गुणही सांगते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल ती हवेतून पिते, तरी हाताला कोरडी लागते. डोंगरात झोपणाऱ्याला हे वरदान. जुलैत पुण्यात किंवा रत्नागिरीत हीच गोष्ट अडचणीची, कारण गालिचा कोरडा ‘वाटतो’ आणि आतून ओलसर असतो.

घेताना काय बघायचं

‘व्हिंटेज’ या शब्दाचा बाजारात फार सैल वापर होतो. विकायला असणारे जुने अमाझिग गालिचे बहुतेक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले असतात. शंभर वर्षांपूर्वीचे फार क्वचित, कारण ते वापरून वापरून संपले. नवे गालिचे जुने दिसावेत म्हणून ते ब्लीचमध्ये बुडवतात, छपरांवर आणि शेतांत महिनोन् महिने उन्हात पसरतात.

लव बोटांनी फाका आणि मुळाशी बघा. वापराने आणि प्रकाशाने उडालेला रंग टोकाला फिका आणि खाली गाठीशी भरलेला असतो, मधली उतरण हळूहळू होते. लोकर हाताला सुकी, करकरीत लागली, गवतासारखी तुटली, तर ती रसायनाने मारलेली. पांढरं सुती कापड ओलं करून लाल किंवा निळ्या भागावर मिनिटभर दाबा. कापडाला रंग लागला, तर तो गालिचा कधीच पाण्याने धुता येणार नाही हे समजून मगच भाव करा. दशा बघा. खऱ्या दशा म्हणजे ताण्याचीच उरलेली टोकं, वरून शिवलेली झालर नव्हे. शंका आलीच तर दुकानदाराला विचारून लवेतला एक धागा ओढून जाळा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो.

मेंढीचा हलका वास असणारच. तो दोष नाही. कुबट वास वेगळा, तो ओळखता यायला वेळ लागत नाही.

रोजच्या घरात

परदेशी सल्ल्यांत आपल्या घरातल्या सगळ्यात मोठ्या शत्रूचा उल्लेखच नसतो, कारण तो त्यांच्याकडे नाही: रोजचं फरशी पुसणं. फिनेलच्या पाण्यात बुडवलेलं फडकं रोज गालिच्याच्या काठाला लागतं, काठ रोज थोडा ओला होतो, खाली फरशीला चिकटून बसतो. सहा महिन्यांनी काठावरचे ताण्याचे धागे कुजून तुटायला लागतात आणि आपण म्हणतो, जुना होता, गेला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींशी मी एकदाच बोलले. आता गालिच्याची कड त्या आधी दुमडून ठेवतात आणि फरशी वाळल्यावर सरळ करतात. एवढ्यानेच त्याचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढलं असणार.

खाली जाड नमद्याचा किंवा खऱ्या रबराचा थर घाला. व्हिट्रिफाइड टाइल्सवर गालिचा घसरतो, माणसं पडतात, आणि टाइल व गालिचा यांच्यामधली वाळू सँडपेपरचं काम करते. स्वस्त प्लास्टिकची जाळी गरमीत वितळून लोकरीला चिकटते, ती नको. कुंडी तर गालिच्यावर कधीच नको, खाली बशी असली तरी. वर्षातून दोनदा गालिचा फिरवून घाला, म्हणजे खिडकीचं ऊन आणि माणसांची वाट एकाच जागी पडणार नाही.

व्हॅक्यूम आठवड्यातून एकदा, फक्त ओढणारं तोंड लावून. फिरता ब्रश सैल पिळाच्या लवेला उपटून काढतो. लवेवरून हात फिरवला की ती एका दिशेला निजते, त्याच दिशेने ओढायचं. दशांवर अजिबात नाही. पहिल्या काही महिन्यांत लोकर गळते, घाबरू नका, मोकळे तंतू आहेत ते. महिन्यातून एकदा गालिचा उलटा टाकून पाठीवरून व्हॅक्यूम करा आणि मग उचलून खाली बघा. जी रेती पडलेली दिसेल ती लवेच्या मुळाशी बसून गाठी कापत होती.

सांडलं तर

पहिली दोन मिनिटं सगळं ठरवतात. घन असेल ते चमच्याने उचला. द्रव असेल तर जाड सुती पंचा दाबून धरा, वर उभे राहा, पंचा बदला, पुन्हा दाबा. घासायचं नाही, घासलं की खवले अडकतात आणि तिथे कायमची गुठळी होते. लॅनोलिनमुळे लोकर क्षणभर पाणी बाहेर धरून ठेवते, चहाचे थेंब वर मोत्यांसारखे उभे राहतात. तेवढा वेळ आपला. नंतर गार पाण्याचा हात, पुन्हा पंचा. डाग राहिला तर वाटीभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर, आधी कोपऱ्यात करून बघून.

तेल-तूप सांडलं तर पाणी लावूच नका. साधी टाल्कम पावडर जाड थर देऊन रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम. कणीक किंवा बेसन टाकू नका, जे दाणे आत राहतील त्यांना किडे येतील.

हळद. वरणाचा ओघळ हस्तिदंती लोकरीवर पडला की आधी जीव जातो, मग हात साबणाकडे जातो. तो हात आवरा. हळदीला अल्कली लागला की ती लाल होते. कुंकू हळदीला चुना लावून करत आले आहेत, ते याच गुणावर. साबणाच्या पावडरने पिवळ्या डागाचा लाल डाग होईल आणि वर लोकरही खराब होईल. तूप पावडरने टिपा, व्हिनेगरच्या पाण्याने दाबून काढा, आणि उरलेला पिवळेपणा सकाळच्या उन्हावर सोडा. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. आमच्याकडच्या डागाला चार सकाळी लागल्या, रोज तासभर, आणि बाजूची लोकर जुन्या चादरीने झाकून.

पाळीव प्राणी असेल तर मुताच्या डागाला उशीर करू नका. ताजं असताना ते पाणी आणि व्हिनेगरने निघतं, जुनं झालं की अल्कली होत जातं आणि रंग खाऊन टाकतं. त्यावर घरगुती उपाय माझ्याकडे नाही.

धुणं, अर्थात भिजत घोंगडं

ॲटलासमध्ये बायका उन्हाळ्यात गालिचे ओढ्यावर नेतात, पायांनी तुडवतात, खडकांवर वाळत घालतात. मी पाहिलं आहे. मग आपण का नाही? कारण तिथे पाणी थंड आणि वाहतं, हवा कोरडी ठणठणीत, ऊन कडक, आणि खडक खालूनही तापलेला. गालिचा लवकर वाळतो. आपल्या गच्चीवर, त्यातून दमट हवेत, तो चार दिवस ओला राहतो. दोन बाय तीन मीटरचा जाड गालिचा कोरडा असतानाच २० किलोच्या आसपास भरतो, भिजला की दोघांना हलत नाही. दोरीवर टांगला तर स्वतःच्या वजनाने ताण्याचे जुने धागे तोडतो. न सुटणाऱ्या कामाला मराठीत ‘भिजत घोंगडं’ उगाच म्हणत नाहीत. ज्याने तो वाक्प्रचार पाडला त्याने ओली लोकर उचलून पाहिली होती.

त्यामुळे लांब लवेचा मोठा गालिचा मी घरी धुवत नाही. तीन-चार वर्षांतून एकदा हाताने धुणाऱ्या माणसाकडे देते, आणि देण्याआधी तीन प्रश्न विचारते. पाणी गार असतं का? साबण लोकरीचा, अल्कली नसलेला आहे का? वाळवता सपाट आणि वाऱ्यावर का? ‘काळजी करू नका मॅडम, मशीनला टाकतो’ असं उत्तर आलं की गालिचा उचलून घरी आणते. एकदा आणला नव्हता. छोटा, पायाशी घालायचा अझिलाल होता. परत आला तेव्हा तो हातभर आखूड आणि पापडासारखा वेडावाकडा होता, लव जाऊन नमदा उरला होता. आटलेली लोकर पुन्हा सैल करता येत नाही.

लव नसलेला पातळ हंबेल किंवा लहान तुकडा मात्र घरी धुता येतो, फक्त मार्च ते मेमध्ये, आणि रंग उतरत नाही याची ओल्या कापडाने खात्री करूनच. आधी नीट झटकायचा. टबात गार पाणी, त्यात लोकरीचा द्रव साबण किंवा गाळलेलं रिठ्याचं पाणी. रिठ्याने पांढऱ्या लोकरीवर पिवळट छटा राहू शकते, गडद रंगाला चालतं. दहा मिनिटं दाबत राहायचं, पिळायचं नाही. स्वच्छ पाण्यातून दोनदा काढायचा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. मग जाड चादरीत गुंडाळून वरून चालायचं, चादर सगळं पाणी पिते. बाजेवर सपाट पसरायचा म्हणजे खालून वारा लागेल, अर्ध्या दिवसाने उलटायचा. संध्याकाळी हाताला कोरडा लागला तरी आणखी एक पूर्ण दिवस द्यायचा. आत ओल असते, ते वर सांगितलंच.

कसर

सगळ्यात जास्त गालिचे डागांनी मरत नाहीत, कसरीने मरतात.

आमच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी मोठा गालिचा जपायला म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकला. दसऱ्याला उतरवला. उलगडताना वाळूसारखं काहीतरी टपटपलं, आणि पांढऱ्या लोकरीत तांदळाच्या दाण्याएवढ्या नळ्या चिकटलेल्या दिसल्या. एका काळ्या चौकटीच्या जागी तळहाताएवढा भाग पार बोडका, नुसता ताणा-बाणा उरलेला. ती वाळू म्हणजे अळ्यांची विष्ठा होती. ज्या गालिच्याने पन्नास वर्षं बर्फ, धूर आणि मेंढरं सोसली, तो माझ्या चार महिन्यांच्या काळजीने खाल्ला गेला.

लोकर खाणारा पतंग सोनेरी-पिवळट, नखाएवढाही नसतो. तो दिव्याकडे येत नाही, अंधाराकडे पळतो. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही, खाते ती अळी. तिला नुसती लोकर पुरत नाही, घाम, अन्न, तेल लागलेली मळकी लोकर अधिक मानवते, म्हणून ठेवणीत टाकण्याआधी गालिचा स्वच्छ असणं अत्यावश्यक. दुसरा खाणारा म्हणजे गालिच्याचा भुंगा. त्याची अळी केसाळ, तपकिरी असते. मोठा भुंगा फुलांतल्या परागांवर जगतो, म्हणून खिडकीच्या चौकटीत ठिपक्याठिपक्यांचे बारीक मेलेले भुंगे सापडले तर लगेच सोफ्याखालचा गालिचा तपासा.

दोघांनाही तीन गोष्टी हव्यात: अंधार, शांतता आणि न हललेली लोकर. पायाखालचा, रोज झाडला जाणारा गालिचा सहसा वाचतो. पलंगाखाली गेलेला त्याचाच कोपरा खाल्ला जातो.

डांबरगोळ्यांवर माझा विश्वास नाही. त्यांचा वायू घट्ट बंद पेटीत दाटला तरच काम करतो, आणि तो माणसालाही वाईट, तान्ह्या बाळांना तर विशेष. लहान मूल असलेल्या घरात मी त्या आणत नाही. कडुलिंबाचा पाला माझी आजी घालायची, मीही घालते. पण वासाने पतंग फार तर बिचकेल, आत बसलेली अळी त्याने मरत नाही हे माहीत असू द्या.

कसर लागलीच तर लहान तुकड्याला उत्तम उपाय गोठवण्याचा. पूर्ण कोरडा तुकडा पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दव लोकरीवर बसतं. मोठा गालिचा कुठे मावणार? कुणीतरी मला द्राक्षांचं शीतगृह सुचवलं होतं, पण तिथलं तापमान शून्याच्या आसपास, त्याने अळ्या नुसत्या निजतात. मोठ्यासाठी ऊन, उलटून-पालटून रोज व्हॅक्यूम, आणि मोठा प्रादुर्भाव असेल तर कीडनियंत्रणवाले. व्हॅक्यूमची पिशवी त्याच वेळी घराबाहेर टाका, अंडी त्यात असतात.

ठेवायचाच असेल तर घडी घालू नका, गुंडाळा, लवेच्या दिशेने आणि लव बाहेर ठेवून. प्लास्टिक नको. धुतलेली जुनी सुती साडी दोन फेरे गुंडाळून टोकं नाड्यांनी बांधा. आडवा ठेवा, जमिनीपासून वर, आणि गणपती, दसरा, संक्रांत असे दिवस धरून उलगडून बघा.

भोक पडलं तर

काठ उसवला किंवा दशांतून गाठी सुटायला लागल्या की त्याच आठवड्यात सुईदोरा घ्या. काठावरून लोकरीच्या धाग्याने जवळजवळ टाके घालत गेलं तरी पुरतं. पाठीला रबराचं द्रावण किंवा गोंद लावून देणाऱ्याला लांब ठेवा. ते काही वर्षांत कडक होऊन भुकटी होतं आणि पुन्हा कुणाला तिथे सुई घालता येत नाही.

माझ्या बोडक्या चौकटीला काळी लोकर हवी होती. दुकानातली स्वेटरची लोकर फार मऊ, फार चकचकीत, आणि तिच्यात अर्धं ॲक्रिलिक. हाताने कातलेली, न रंगवलेली काळी लोकर अखेर सातारा जिल्ह्यात घोंगड्या विणणाऱ्या एका सणगर कुटुंबाकडे मिळाली. दख्खनी मेंढीची. थोडी राठ, अंगाला टोचणारी, पण पीळ सैल, रंग अगदी जवळचा. त्यांच्या घरच्या आजींनी गालिचा उलटा टाकला, गाठींच्या ओळींवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, याला खळ नाही लावली? आपल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लागते. मी नाही म्हटलं. ‘मग जपून वापरा,’ एवढंच म्हणून त्यांनी मला चातीवरचा एक गुंडा काढून दिला.

गाठी मी स्वतः मारल्या, रोज दोन ओळी, तीन आठवडे. वरून बघितलं तर कळत नाही. पाठीवर मात्र ती जागा स्पष्ट दिसते, कारण माझ्या गाठी तिच्यापेक्षा घट्ट बसल्या आहेत.